शंभर हर्ट्झवरचे शिखर: दोष कपलिंगचा की विजेचा?

वेर्ण्याचा पंपवाला

नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. थंड पाण्याच्या पंपाचा एक प्रश्न दोन महिने सुटत नसल्याने येथे मांडत आहे.

मोटर ३७ किलोवॅटची, दोन पोलची (म्हणजे मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांची), पंपाला थेट कपलिंगने जोडलेली, आणि पंपाच्या इम्पेलरला (पाणी ढकलणाऱ्या चाकाला) पाच पाती आहेत. टॅकोमीटरवर वेग २९६८ आरपीएम मिळतो. मोटरच्या कपलिंगकडील बेअरिंगवर आडव्या दिशेने एकूण कंपन ६.३ मिलिमीटर प्रति सेकंद आरएमएस आहे. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती कंपन हे दाखवणाऱ्या आलेखात) १०० हर्ट्झवर एकच उंच शिखर दिसते, ५० वर लहानसे आणि २४७.५ च्या आसपास पात्यांचे आणखी लहान. (आमच्याकडे सगळे 'पीक' म्हणतात, पण लिहिताना ते शेतीचे वाटते, म्हणून शिखर म्हणतो.) बाहेरून बोलावलेल्या तपासनीसांच्या अहवालात 'वेगाच्या दुप्पट वारंवारतेवर शिखर, सबब मिसअलाइनमेंट' असा निष्कर्ष होता, म्हणजे मोटर आणि पंप यांचे शाफ्ट एका रेषेत नाहीत. त्यानुसार लेझरने दोनदा अलाइनमेंट केले, कपलिंगचे रबर बदलले, तरी आकडा ६.३ वरून ६.२ वर आला आणि परत ६.३ झाला. आता तिसऱ्यांदा अलाइनमेंट करावे असे सुचवले जात आहे. करावे का?

देखभाल विभाग, कुंडई

माझा अनुभव असा की दुप्पट वारंवारतेवर शिखर असेल तर दहापैकी आठ वेळा अलाइनमेंटच असते. लेझरवर आलेले आकडे थंड मोटरचे असतात. मोटर तापली की तिची उंची वाढते, आणि पाइपांचा ताण पंपाला ओढत असेल तर बोल्ट आवळताच सगळे बिघडते. पाइपचे फ्लँज मोकळे करून पाहा. ते आपोआप बाजूला सरकले तर ताण आहे. अक्षीय दिशेचे (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचे) वाचन दिलेले नाही, तेही द्यावे.

वेर्ण्याचा पंपवाला

अक्षीय दिशेने एकूण १.३ आहे. फ्लँज सोडून पाहिले, ते जागचे हलले नाहीत.

जुवारीकाठ

मी निवृत्त आहे. आयुष्य बार्जच्या इंजिनांत आणि खनिज धुण्याच्या प्लांटमधील मोटरांत गेले. तिसऱ्या अलाइनमेंटचा खर्च करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: हा स्पेक्ट्रम किती लाइन्सचा (म्हणजे आलेखाचे किती कप्पे पाडलेले) आणि किती हर्ट्झपर्यंतचा आहे?

हे विचारण्याचे कारण सांगतो. आपल्या मोटरचा वेग २९६८ आरपीएम, म्हणजे ४९.४७ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ९८.९३ हर्ट्झ. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि स्टेटरचे (मोटरच्या स्थिर भागाचे) चुंबकीय खेचणे विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा होत असल्यामुळे त्याची कंपने १०० हर्ट्झवर येतात. म्हणजे एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दोन कारणे, एक कपलिंगमधले आणि एक स्टेटरमधले, आलेखावर फक्त एका हर्ट्झच्या अंतराने शेजारी बसतात. चार पोलच्या मोटरला हा घोटाळा सहसा होत नाही, कारण तिच्या वेगाची दुप्पट पन्नासच्या खाली राहते आणि शंभरावर तिच्या वेगाची चौपट पडते, जिच्याकडे अलाइनमेंटसाठी कोणी पाहत नाही. दोन पोलची मोटर मात्र याच कारणाने भल्याभल्यांना फसवते.

आपला स्पेक्ट्रम जर १००० हर्ट्झपर्यंत ४०० लाइन्सचा असेल, तर एका लाइनची रुंदी २.५ हर्ट्झ होते. उपकरणाकडे ९७.५, १००, १०२.५ अशीच घरे आहेत. ९८.९३ आणि १०० हे दोघेही १०० च्याच घरात जाऊन बसणार. आपल्या अहवालात '१०० हर्ट्झ' असे लिहिले आहे ते मोजमाप नाही, ते घराचे नाव आहे. त्या घरात कोण राहतो हे त्यावरून कळत नाही.

वेर्ण्याचा पंपवाला

तपासले. १००० हर्ट्झ, ४०० लाइन्स, हॅनिंग विंडो (नमुन्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणारी). आपण म्हणता तेच.

देखभाल विभाग, कुंडई

हे खरे असले तरी एक व्यावहारिक अडचण मांडतो. आमच्याकडे साठ यंत्रे आहेत, प्रत्येकाच्या चार बेअरिंगवर तीन दिशांनी वाचने घ्यायची असतात, म्हणजे सातशे वीस वाचने. ४०० लाइन्स आणि १००० हर्ट्झला एक नमुना ०.४ सेकंदात मिळतो. लाइन्स वाढवल्या की वेळ वाढतो, आणि महिन्याची फेरी महिन्यात संपत नाही. भिंतीवर लावलेला निदानाचा तक्ता (कोणते शिखर म्हणजे कोणता दोष ते सांगणारा) हा याच वाचनांसाठी बनलेला आहे, आणि तो बहुतेक वेळा कामास येतो.

जुवारीकाठ

फेरीच्या वाचनांबद्दल माझी तक्रार नाही. फेरी म्हणजे ताप पाहणे; आकडा मागच्या महिन्यापेक्षा वाढला का, एवढेच तिला विचारावे. पण एकदा ताप आहे हे कळल्यावर त्याच थर्मामीटरने रोगाचे नाव काढायला बसू नये. आणि तक्त्याबद्दल सांगायचे तर तक्त्यात 'दुप्पट' असे लिहिलेले असते, 'शंभर' असे नाही. शंभर म्हणजे दुप्पट हे गृहीत आपण धरतो.

गणित आणि गाणे

मी यंत्रांची नाही, गणित शिकवते आणि थोडे गाणे शिकते. मला एक कळले नाही: जास्त लाइन्स घ्यायच्या तर जास्त वेळ का लागावा? आजचे उपकरण वेगवान आहे, आणि गणित तर लगेच होते. जलद फूरिये रूपांतराची कूली आणि टुकी यांची १९६५ ची पद्धत वर्गात शिकवताना आम्ही तिच्या वेगाचेच कौतुक करतो.

जुवारीकाठ

गणिताला वेळ लागत नाही, ऐकायला लागतो. आपण गाता म्हणून आपल्या तानपुऱ्याचेच उदाहरण घेतो. जोडीच्या दोन तारा लावताना त्या जवळजवळ जुळल्या की आवाज हळूहळू वाढतो आणि ओसरतो. दोन्ही तारांत एका हर्ट्झचा फरक असेल तर ही लाट एका सेकंदात पूर्ण होते. अर्ध्या हर्ट्झचा असेल तर दोन सेकंद लागतात. तार छेडून पाव सेकंदात हात ठेवून दाबली, तर कितीही तयार कान असला तरी त्या दोन तारा आहेत की एक हे सांगता येणार नाही, कारण लाट अजून घडलेलीच नसते. उपकरणाचेही तसेच. ०.४ सेकंद ऐकले तर २.५ हर्ट्झपेक्षा बारीक भेद करता येत नाही. एका लाइनची रुंदी म्हणजे ऐकलेल्या सेकंदांचा व्यस्तांक. हा नियम उपकरणाच्या किमतीवर अवलंबून नाही.

त्यातून हॅनिंग विंडो प्रत्येक शिखराला शेजारच्या घरांत थोडे पसरवते, त्यामुळे दोन शिखरे सुटी दिसायला त्यांच्यात निदान तीन लाइन्सचे अंतर असावे. आपल्याला एका हर्ट्झचा भेद पाहायचा आहे, म्हणजे लाइन ०.३ हर्ट्झपेक्षा बारीक हवी. पंपवाल्यांनी कमाल वारंवारता २०० हर्ट्झवर आणावी आणि १६०० लाइन्स घ्याव्यात. लाइन ०.१२५ हर्ट्झची होईल आणि एका नमुन्याला आठ सेकंद लागतील. चार नमुन्यांची सरासरी निम्म्या ओव्हरलॅपने (आधीचा नमुना निम्मा झाला की पुढचा सुरू करून) वीस सेकंदांत मिळते. चहा निवायला याहून जास्त वेळ लागतो.

गणित आणि गाणे

समजले. मग मोटरजवळ उभे राहिल्यावरही ती लाट ऐकू यायला हवी ना? एका सेकंदाला एक?

वेर्ण्याचा पंपवाला

येते! दोन महिने मी तो आवाज ऐकत आहे: 'हूँ... हूँ... हूँ...' असा, साधारण सेकंदाला एक. आमचे ऑपरेटर म्हणतात की पंप घोरतो. त्याचा या प्रश्नाशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

जुवारीकाठ

मग निम्मे उत्तर आपल्या ऑपरेटरांनीच दिले आहे. मात्र ती लाट एवढेच सांगते की दोन जवळजवळच्या वारंवारता हजर आहेत. त्यांतली मोठी कोणती हे लाटेवरून ठरत नाही, त्यासाठी बारीक स्पेक्ट्रमच हवा. एक सूचना: शिखर नेमके १००.० वर शोधू नका. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे, म्हणून ९९.८ ते १००.१ यांत कोठेही ते सापडेल. आणि वाचनाच्या वेळीच टॅकोमीटरने वेग मोजा. मोटरच्या नामफलकावरचा वेग पूर्ण भाराचा असतो, आपला पंप त्या भारावर चालतोच असे नाही.

फोनवाला, म्हापसा

मोबाइलवरचे कंपन मोजण्याचे ॲप यासाठी पुरे नाही का? माझ्या घरच्या पाण्याच्या पंपावर मी तेच ठेवतो. त्यात २२ हर्ट्झवर एक शिखर येते, ते कशाचे असावे?

जुवारीकाठ

ॲपवर निदान करू नये. फोनमधला संवेदक सेकंदाला किती नमुने घेतो, म्हणजे येथे किती वेळा मोजतो, ते पाहा. नव्या अँड्रॉइडमध्ये विशेष परवानगी नसलेल्या ॲपला सेकंदाला २०० नमुन्यांची मर्यादा आहे, आणि २०० नमुन्यांत १०० हर्ट्झच्या वरचे काहीही खरे दिसत नाही. जे वर आहे ते दुमडून खाली येते. समजा, आपल्या पंपात ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग आहे आणि त्याच्या बाहेरच्या रिंगवर ओरखडा पडला आहे. नऊ गोळ्यांच्या या बेअरिंगची बाहेरच्या रिंगची वारंवारता वेगाच्या ३.५८५ पट असते. वेग ४९.६७ हर्ट्झ धरला तर ती १७८ होते. २०० मधून १७८ गेले की उरतात २२. आपले २२ हर्ट्झचे शिखर हेच आहे असा दावा मी करत नाही; पण जे तेथे नाही ते तेथे दिसू शकते, एवढे यावरून कळावे. चांगल्या उपकरणात नमुने कमाल वारंवारतेच्या २.५६ पट घेतात आणि त्याआधी वरच्या वारंवारता फिल्टरने कापतात, तो खर्च याचसाठी असतो.

वेर्ण्याचा पंपवाला

वाचन घेतले. २०० हर्ट्झ, १६०० लाइन्स, चार सरासऱ्या. जेथे एक शिखर होते तेथे आता दोन आहेत. ९८.८७५ हर्ट्झवर ०.७ आणि ९९.८७५ हर्ट्झवर ५.९ मिलिमीटर प्रति सेकंद. वेग तेव्हाही २९६८ होता. अर्थात कपलिंगचे शिखर मुळात ०.७ चे होते, आणि आम्ही त्याला कमी करण्यासाठी दोनदा पैसे मोजले.

त्यानंतर वीज बंद करून शिखर लगेच जाते का तेही पाहिले, कारण विजेचे कंपन वीज जाताच थांबावे असे वाचले होते. पण ते लगेच गेले नाही, स्पेक्ट्रममध्ये काही सेकंद रेंगाळले आणि पसरट होत गेले. आता पुन्हा संभ्रम झाला आहे.

जुवारीकाठ

संभ्रमाचे कारण नाही. आपण उपकरण १६०० लाइन्सवरच ठेवून बटण दाबले असणार. आठ सेकंदांचा नमुना घेणारे उपकरण 'लगेच' हा शब्द ओळखत नाही. वीज गेल्यानंतरही त्याच्या पोटात आधीच्या सेकंदांचे कंपन असते. वारंवारता बारीक हवी तर वेळ जाड होतो आणि वेळ बारीक हवा तर वारंवारता जाड, ही एकाच तागडीची दोन पारडी आहेत. या चाचणीसाठी स्पेक्ट्रम बाजूला ठेवून वेळेचा आलेख, म्हणजे टाइम वेव्हफॉर्म, दहा सेकंदांचा नोंदवावा आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला वीज तोडावी. त्यात कंपनाची उंची त्या क्षणी कोसळली तर कारण विजेचे. वेगाबरोबर हळूहळू उतरली तर यांत्रिक.

वेर्ण्याचा पंपवाला

तसे केले. आलेख कात्रीने कापल्यासारखा खाली आला. राहिले ते वेगाबरोबर उतरणारे लहानसे कंपन.

देखभाल विभाग, कुंडई

माझे अनुमान चुकले हे मान्य करतो. पण मग मोटरच सदोष आहे का? रिवाइंडिंगला पाठवावी लागेल? दोन पोलच्या मोटरीत शंभर हर्ट्झचे थोडे कंपन नेहमीच असते असेही मी ऐकले आहे.

जुवारीकाठ

थोडे असते, ५.९ नसते. रिवाइंडिंगच्या आधी सगळ्यात स्वस्त शक्यता तपासा. स्टेटर आणि रोटर (फिरणारा भाग) यांच्यातली हवेची फट सगळीकडे सारखी असली तर चुंबकीय खेच एकमेकींना तोलून धरतात. मोटरचा एक पाय बेसप्लेटवर नीट टेकत नसेल आणि तो बोल्टने जबरदस्तीने आवळला असेल, तर मोटरचे अंग पिळवटते, फट एका बाजूला कमी होते आणि शंभर हर्ट्झचे कंपन वाढते. यालाच सॉफ्ट फूट म्हणतात. लेझरचे अलाइनमेंट उत्तम आले तरी हा दोष राहू शकतो, कारण लेझर दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का तेवढेच पाहतो. मोटर पिळलेल्या अवस्थेतही शाफ्ट रेषेत आणता येतात.

मोटर बंद करून, वीज तोडून कुलूप लावून, प्रत्येक पायाजवळ डायल गेज लावा आणि एका वेळी एकच बोल्ट सैल करा. पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला गेला तर तो दोषी. बोल्ट परत आवळून मगच पुढच्याकडे जावे.

गणित आणि गाणे

कपलिंग काढून नुसती मोटर चालवून पाहणे सोपे नाही का? मग मिसअलाइनमेंटचा प्रश्नच उरत नाही.

जुवारीकाठ

चांगला विचार आहे, आणि तो करावाही; पण त्यात एक मौज आहे. भार काढला की मोटरचा वेग २९९५ च्या आसपास जातो आणि त्याची दुप्पट ९९.८ होते. म्हणजे जी दोन शिखरे आपण कष्टाने सुटी केली ती पुन्हा एकमेकांना चिकटतात, आणि लाट सहा सेकंदांना एक इतकी संथ होते. तेव्हा नुसत्या मोटरच्या चाचणीत शिखरे सुटी करत बसू नये. कपलिंगच नसल्यामुळे उरलेले कंपन मोटरचे आणि तिच्या पायांचे, एवढाच निष्कर्ष घ्यावा.

बार्जवरचा मिस्त्री

धागा वाचून राहवले नाही. सांवर्ड्याकडून मुरगावकडे खनिज नेणाऱ्या बार्जवर मी २०१२ पर्यंत होतो. खाणी बंद झाल्या तेव्हा बार्ज नांगरून पडल्या आणि मी दुरुस्तीच्या यार्डात आलो. तिथे एका तरुण तपासनीसाने इंजिनाच्या स्पेक्ट्रममध्ये वेगाच्या निम्म्या वारंवारतेवर शिखर पाहिले आणि तक्त्याप्रमाणे 'ढिलेपणा' असे लिहून दिले. आम्ही फाउंडेशनचे सगळे बोल्ट तपासले, एकही ढिला नव्हता. ते शिखर यावे की येऊ नये?

जुवारीकाठ

यावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून निम्म्या वारंवारतेचे कंपन त्याच्या जन्माबरोबरच आलेले असते. १८०० आरपीएमचे सहा सिलिंडरचे इंजिन घेतले तर वेग ३० हर्ट्झ, निम्मी १५, आणि पेटण्याची ९०. १५ चे शिखर एकाएकी वाढले तर एखादा सिलिंडर बाकीच्यांइतके काम करत नाही असा संशय घ्यावा. ते नुसते आहे म्हणून घेऊ नये. तो तक्ता मोटर, पंप, पंखे यांच्यासाठी आहे, डिझेल इंजिनाला लावायचा नाही.

बार्जवर पंपवाल्यांच्या शंभर हर्ट्झचा सख्खा भाऊही भेटतो. गिअरबॉक्सचे प्रमाण ३.९५ ला १ असेल तर प्रोपेलर ७.५९ हर्ट्झने फिरतो. त्याला चार पाती असतील तर पात्यांची वारंवारता ३०.३८ होते. इंजिनाचा वेग ३०. पुन्हा शेजारी, पुन्हा ०.३८ हर्ट्झचे अंतर, आणि यावेळी एका लाइनला ०.१ हर्ट्झ हवे, म्हणजे दहा सेकंदांचा नमुना. नदीत इंजिनाचा वेग दहा सेकंद स्थिर राहिला तर ठीक, नाही तर शिखरे पसरतात आणि बारीक लाइन्सचा उपयोग होत नाही. तेथे मी क्लच सोडून त्याच वेगावर दुसरे वाचन घेत असे. प्रोपेलर थांबला की त्याचे शिखर जाते, इंजिनाचे राहते. भार गेल्यामुळे इंजिनाचेही थोडे बदलते, हे लक्षात ठेवावे लागते.

बार्जवरचा मिस्त्री

आम्ही तेव्हा बोल्ट आवळण्यात दोन दिवस घालवले होते. असो.

वेर्ण्याचा पंपवाला

रविवारच्या बंद काळात डायल गेज लावून चारही पाय पाहिले. तीन पाय ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर हलले. पंख्याच्या बाजूचा डावा पाय ०.३८ उचलला गेला. त्याखालच्या शिम (उंची जुळवायच्या पट्ट्या) बाहेर काढल्यावर कारण दिसले: साध्या लोखंडी पत्र्याचे पाच तुकडे एकावर एक ठेवलेले, दोन पावसाळ्यांच्या दमटपणाने गंजून फुगलेले आणि एका कडेला चुरा झालेले. बेसप्लेटवरही गंजाचा थर होता. तो घासून काढला, स्टेनलेस स्टीलच्या दोन शिम बसवल्या, आणि मग अलाइनमेंट तपासले. अर्थातच ते थोडे बदलले होते, म्हणून शेवटी तिसरे अलाइनमेंटही झालेच.

आता ९९.९ च्या आसपासचे शिखर ५.९ वरून १.६ वर आले आहे, ९८.९ चे ०.७ तसेच आहे, आणि एकूण कंपन २.७ झाले आहे. १५ ते ३०० किलोवॅटच्या, पक्क्या पायावरील यंत्रांसाठी आयएसओच्या मानकात २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवायला हरकत नाही आणि ४.५ च्या पुढे धोका, अशी विभागणी आहे, त्यामुळे वरिष्ठांनी अहवालावर सही केली.

देखभाल विभाग, कुंडई

अभिनंदन. आमच्याकडेही दोन पोलच्या चार मोटरी आहेत, त्यांच्या मागच्या वर्षभराच्या अहवालांत 'दुप्पट' असे तीन ठिकाणी लिहिलेले सापडले. या आठवड्यात १६०० लाइन्सवर वाचने घेऊन येथे टाकतो. एकीला व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणारे उपकरण) आहे, ती ४० हर्ट्झवर चालते. तिचे शंभरच्या जागी ऐंशीवर पाहायचे ना?

जुवारीकाठ

होय, ऐंशीवर. आणि व्हीएफडीच्या पडद्यावरची वारंवारता वाचनाच्या वेळीच टिपून ठेवा. पाण्याच्या दाबाप्रमाणे ती हलत असेल तर काही वेळ एका आकड्यावर अडकवून ठेवावी लागेल.

वेर्ण्याचा पंपवाला

एक राहिले. पंप आता घोरत नाही म्हणून रात्रपाळीच्या ऑपरेटराने दोनदा फोन करून तो बंद तर पडला नाही ना, अशी विचारणा केली.